झबली तुम्ही शिवलीत

अहो, असं कोणी जातं का? भांडण अर्ध्यावर टाकून?

त्या सकाळी मी कारखान्याला निघाले तेव्हा तुम्ही उंबऱ्याशी बसून बेबीला दूधभाकरी भरवत होतात. चपला पायात सरकवता सरकवता मी म्हटलं, "आता मी सांगणार म्हणजे सांगणार. पुरे झालं हे." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "संध्याकाळी बोलू." मी म्हटलं, "तीन वर्षं झाली, तुमची ती संध्याकाळ काही उजाडत नाही." त्यावर तुम्ही हसलात आणि बेबीचं तोंड पुसलंत. लॉरी चुकली असती म्हणून मी तशीच पळत सुटले.

दुपारी आम्ही बाटल्यांना लेबलं लावत होतो. पॅकिंगच्या बाई माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "इंदूबाई, घरून माणूस आलाय. निघा." माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बेबी पडली. नाहीतर शाळेतून येताना शकूला काहीतरी झालं. पिंपरीपासून चिंचवडपर्यंत त्या माणसाच्या सायकलवर मागं बसून मी तुमच्यावरच चरफडत होते, की हे बसले असतील सुईत डोळे घालून आणि पोरगी गेली असेल आडाकडे. तुमचं काही झालं असेल हे डोक्यातच शिरलं नाही. का शिरावं? तुम्हाला आत्ता कुठं पस्तिसावं लागलेलं. पाय सोडला तर ठणठणीत. ताप आला तरी अंगावर काढणारा माणूस.

घरापुढं माणसं उभी होती. त्यांत घरमालकीण सोनाबाई, त्यांच्या सुनेच्या कडेवर बेबी, आणि पायरीवर शकू. दोघी पोरी धडधाकट. आणि मला हायसं वाटलं हो! मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "हुश्श, पोरी बऱ्या आहेत." सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मी आत गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. म्हणाले, असं होतं कधी कधी. मी त्यांच्या अंगावर ओरडले, "असं कसं होतं? सकाळी हसत होते ते!" मला अजूनही तेच विचारायचंय. अजूनही लॉरीतून उतरले की पावलं भराभर पडतात, कारण दिवसभर पोरींमागं धावून तुम्ही दमला असाल, गेल्या गेल्या चहा टाकावा. गल्लीच्या तोंडाशी आले की आठवतं. रोज नव्यानं आठवतं आणि रोज पाय तिथंच थबकतात.

लोक भेटायला आले. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. पुरुष बाहेर ओट्यावर बसले आणि तुमच्याबद्दल बोलले. काय बोलले ऐकायचंय? "बाईनंच ओढला हा संसार. नवरा असून नसल्यासारखाच. वाईट वाटून घ्यायचं खरं, पण खाणारं एक तोंड कमी झालं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. एक तोंड! मी आत पोरींना पोटाशी धरून बसले होते. वाटलं उठावं, बाहेर जावं आणि एकेकाच्या गळपट्टीला धरून सांगावं. पण तुम्ही बोलू नको म्हणाला होतात, आणि तुम्ही समोर नसताना तुमचं म्हणणं मोडायचं तरी कसं?

सुरुवात तुमच्या खोटेपणानं झाली, माझ्या नव्हे. हे मी आजही ठासून सांगेन. खडकीला तुमचं फिटरचं चांगलं काम होतं. रेल्वे फाटकापाशी ती भरलेली बैलगाडी उलटली आणि तुमचा पाय तिच्याखाली आला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. यंत्रापुढं दिवसभर उभं राहणं संपलं. तुम्ही प्लॅस्टरमध्ये असतानाच बेबी झाली. माझी आई नव्हती. सासूबाई तिकडं साताऱ्याकडं अंथरुणाला खिळलेल्या. बाळंतविडा शिवायला होतं कोण? पोर फडक्यात गुंडाळलेली. एका दुपारी मला डोळा लागला, आणि जागी होऊन बघते तर तुम्ही पाय पसरून, स्वतःचं जुनं धोतर फाडून झबलं शिवत बसलेले. झबलं कसलं, पिशवीच ती. गळा एवढा मोठा की बेबी त्यातून खाली निसटली असती. मी इतकी हसले, इतकी हसले की पोट धरून रडायला आलं. दुसरं बरं झालं. तिसरं असं झालं की मी ते उलटून पालटून बघतच राहिले.

सोनाबाई बाळाला बघायला आल्या आणि बाळ राहिलं बाजूला, झबलंच चाचपत बसल्या. "ह्ये कुनी शिवलं गं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हिनंच. हिचा हात चांगला आहे." मी तुमच्याकडे डोळे फाडून बघतेय आणि तुम्ही छताकडे बघताय! दुसऱ्याच दिवशी सोनाबाईंनी सुनेच्या बाळंतपणासाठी कापड आणून माझ्या पुढ्यात टाकलं. मी रात्री तुमच्याशी भांडले. तुम्ही म्हणालात, "एवढं एक होऊ दे. मग सांगू."

ते एवढं एक काही संपलं नाही. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला, मी सातवी पास म्हणून मला पॅकिंगला घेतलं, आणि तुम्ही घरी राहिलात. कारखान्यामागून कुठकुठल्या जिल्ह्यांतून तरणी जोडपी येऊन राहायला लागली. लग्नं नवी, माहेरं लांब. बाळ व्हायचं झालं की शिवायला ना आई जवळ ना आजी. कोणी थेरगावाहून नदी उतरून यायचं, कोणी पिंपरीहून चालत. "इंदूबाई कुठं राहतात हो? झबलीवाल्या?" माझ्या पगारात भाडं आणि धान्य निघायचं. दूध, शकूची शाळा, पोरींचे कपडे, सणासुदीचं गोडधोड, हे सगळं तुमच्या सुईवर.

सगळ्यांची अट मात्र एकच. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते लेकुरवाळ्या सवाष्णीच्या हातचं. नवं, ताठ कापडही चालायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, नाहीतर लुगडं. ते आणून द्यायचे, आणि शिवलेलं गाठोडं बाळ जन्मेपर्यंत आपल्याच घरी ठेवायचे, कारण पोटात असताना त्याचे कपडे घरात नेणं बरं नाही. मी दोन लेकरांची आई, कपाळावर हे एवढं कुंकू. बायका म्हणायच्या, तुमच्या हाताला गुण आहे. मी म्हणायची, "हो, आहे खरा," आणि माझा हात तर साधं बटण लावताना बोटात सुई टोचून घेणारा!

तुमचं काम बघायला मला सुट्टीच्या दिवशीच मिळायचं. खिडकीखाली उजेडात बसायचात. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून तुम्ही झबल्याचे, टोपड्याचे साचे केले होते, आणि त्यांच्या कडा कानशीनं अशा घासल्या होत्या की बेबी ते साचे तोंडात घालायची तरी मला भीती वाटायची नाही. शिवण नेहमी बाहेरच्या बाजूनं, बाळाला टोचू नये म्हणून. टाका घातला की त्यावरून अंगठा फिरवून बघायचात. जरा कुठं खडबडीत लागलं की उसवलंच. मी म्हणायची, "अहो, ते पोर काय तक्रार करणार आहे?" तर म्हणायचात, "करतं की. रडतं." एका हातानं पाळण्याची दोरी ओढायची, चुलीवर वरण उकळतंय, शकू पाढे म्हणतेय, मध्येच तिचा सात नवे चुकला की सुई न थांबवता "पुन्हा म्हण." मी आठ तास लेबलं लावून यायची आणि घरात सगळं जागच्या जागी. शकूची वेणी तर तुमच्यासारखी मला अजून जमत नाही. काल शाळेत जाताना म्हणाली, "आई, सैल आहे गं." मी पुन्हा घातली. पुन्हा सैल झाली. शेवटी दोघी रडलो आणि ती तशीच गेली.

आणि एवढं करून दाराशी कोणाची चाहूल लागली की शिवण गादीखाली आणि पेपर हातात! शिवायला यंत्र घेऊ म्हटलं तर तेही नको, कारण मी कारखान्यात असताना यंत्राचा आवाज आला असता. सोनाबाई सकाळ-दुपार डोकवायच्या. मनानं चांगल्या, पण तोंडाला लगाम नाही. "फिटर, बायकू तिकडं राबतीया, घरला यिऊन शिवतीया, आन् तू बसून खातुयास. ल्हाज कशी न्हाई वाटत तुला?" तुम्ही म्हणायचात, "काय करू सोनाबाई, पाय असा." त्या पाठमोऱ्या झाल्या की गादीखालून कुंची बाहेर. ती कुंचीसुद्धा त्यांच्याच नातवाची असायची!

मला हे सोसायचं नाही. मी तडकायची. तुम्ही म्हणायचात, "मला बसून खातो म्हटलं तर माझी भूक मरते थोडीच? पण पुरुषाच्या हातचं टोपडं म्हटलं तर एकसुद्धा बाई येणार नाही. मग पोरींना दूध कुठून पाजशील?" हे कारण खरंच होतं. पण तेवढंच एक कारण नव्हतं. एकदा, खूप छळलं मी तेव्हा, तुम्ही बोलून गेलात, "अजून मला फिटर म्हणतात गं इथं. काम सुटून एवढे दिवस झाले तरी फिटरच म्हणतात. तेवढं राहू दे." मला तुमची इतकी माया आली, आणि तितकाच रागही आला. फिटर म्हणून बसून खाणारा म्हटलेलं चालतं, आणि शिवून पोरी वाढवणारा म्हटलेलं चालत नाही? हे कसलं गणित? हेच मला त्या संध्याकाळी विचारायचं होतं.

आदल्या दिवशीच कारखान्याच्या वसाहतीत हळदीकुंकू होतं ना. मला पुढं बसवलं. माझी ओटी भरली. कोणाच्या कोणाच्या कडेवर तुमची झबली घातलेली बाळं, आणि सगळ्या म्हणतायत, बघा, इंदूबाईंच्या हातचं. मग त्यांतलीच एक हळूच म्हणाली, "एवढी गुणाची बायको, आणि पदरात धोंडा." पदरात धोंडा! मी ओटीतला नारळ घरी येऊन ताटात असा आदळला की शकू दचकली. म्हणूनच मी सकाळी म्हणत होते, आता सांगणार. खोटं नव्हते बोलत. खरंच सांगणार होते.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी गादी उन्हात टाकायला उचलली. खाली टोपडं. अर्धं शिवलेलं, सुई तशीच टोचलेली. मी ते हातात घेऊन उभी राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. सोनाबाई सांगत होत्या, फिटरनं हाक मारली, मी धावत आले, तर भिंतीला टेकलेला, घामानं चिंब, पेपर मांडीवर. अहो, छातीत एवढी कळ आली आणि तुम्ही आधी टोपडं लपवलंत? आधी टोपडं लपवलंत, पेपर घेतलात, आणि मग हाक मारलीत? जीव चालला होता ना तुमचा! तुम्ही गेलात हे एक आणि तुम्ही असे गेलात हे दुसरं, आणि या दुसऱ्यानं मी जास्त हादरले. त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवलं असतं.

सोनाबाईंची लेक सुंदरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आपल्याकडे सुतक होतं त्याच दिवसांत ती बाळंत झाली. मुलगी. भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं तेव्हाच मला कळलं. तिचं गाठोडं आपल्याकडेच होतं. सोनाबाईंच्या मालकांचं धोतर, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं लेकीच्या पहिल्या बाळासाठी. झबली, कुंची, दुपटी, सगळं तुम्ही पुरं केलेलं. एक ते टोपडं तेवढं राहिलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाठोडं काढून, झटकून, पाटावर ठेवलं. म्हटलं, चला, एवढं तरी तुमचं पोचतं होऊ दे.

सोनाबाई आल्या. सून मागं दारातच उभी राहिली. सोनाबाई माझ्याजवळ बसल्या, माझा हात हातात घेतला आणि खाली बघून म्हणाल्या, "इंदे, ते गठुडं ऱ्हाऊ दे. राग धरू नगं."

मला कळेना. मी म्हटलं, "का? कापड कमी पडलं का?"

"तसं न्हवं गं. आता तुज्या हातचं कसं घालावं पोरीला? म्या रांडमुंड. माजा हात लागू ने म्हून तर तुला दिलं व्हतं. आता तूबी माज्यातलीच जालीस." आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. जे त्यांना लोकांनी सांगितलं तेच त्या मला सांगत होत्या.

मग एकदम डोकं सणकलं. म्हणजे माझं कुंकू पुसलं म्हणून माझे हात वाईट झाले! अहो, पण हे हात त्या कापडाला लागले होते कधी? ज्या हातांनी शिवलं ते चितेवर गेले, आणि त्यांचं नाव कोणी घेत नाही. जे हात बाटल्यांना लेबलं लावत होते, त्यांचं कौतुक झालं आणि आता त्यांचाच विटाळ!

आणि मी बोलले. तुम्हाला न विचारता बोलले. "सोनाबाई, हे मी नाही शिवलेलं. ह्यांनी शिवलंय. बेबीच्या पहिल्या झबल्यापासून आजपर्यंत सगळं ह्यांनीच शिवलंय. मला शिवता येत नाही."

इतकी वर्षं मी मनात घोळवत आले होते, की सांगितलं तर काय होईल. हसतील. चिडतील. फसवलं म्हणतील. जे झालं ते मात्र स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. सोनाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "व्हय बाई, व्हय. त्यानंच शिवलं. पड जरा तू." आणि सुनेला म्हणाल्या, "पानी आन गं. दुक्कानं डोकं फिरलंय बिचारीचं."

विश्वासच नाही ठेवला! मी खरं बोलले आणि त्यांना ते वेडेपण वाटलं. मी उठून सुई आणली, एक चिंधी घेतली आणि त्यांच्या डोळ्यांपुढं शिवायला बसले. दोरा ओवता ओवता नाकी नऊ आले. टाका घातला तो इथं एक आणि तिथं एक, चिंधी गोळा होऊन बसली. "बघा! ही झबलीवाली!" सोनाबाई म्हणाल्या, "हाताला कापरं भरलंय गं तुज्या." मी पत्र्याचे साचे काढून पुढ्यात टाकले. म्हणाल्या, "तुला फिटरनं करून दिलं आसत्याल. तेवडं तरी केलं म्हनायचं त्यानं." मी आता भिंतीवर डोकं आपटायचीच बाकी राहिले होते.

तेवढ्यात दारातून सून म्हणाली, "आत्याबाई, माज्या दुसऱ्याच्या टायमाला तुमी ह्यास्नी धोतार कवा दिलं व्हतं?"

"कवा म्हंजी? तू आठव्यातच मोकळी जालीस, तवा घाईघाईनं."

"तवा ह्या भावाच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या व्हत्या. पोरीबी संगं व्हत्या. घरात फिटर येकलाच व्हता. तुमी त्याच्याकडं धोतार दिलं, आन् दोन दिसांत कुंची आन् दुपटं आलं. ह्या तर लई उशिरा आल्या."

तुम्हाला आठवतं ना? मी परत आल्यावर तुम्ही मला हसत सांगितलं होतं, की तुम्ही त्यांना म्हणालात, हिनं जायच्या आधीच शिवून ठेवलंय, आणि सोनाबाईंनी ते घेतलं! त्यांच्याच ट्रंकेतलं धोतर, मी गेल्यावर काढलेलं, आणि मी ते आधीच शिवून ठेवलेलं! एवढी उघडी गोष्ट, पण इतकी वर्षं त्या घरात कोणाला दिसली नाही. कारण घरी बसलेला पुरुष झबलं शिवत असेल हे कोणाच्या मनातच येत नव्हतं.

सोनाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. गाठोड्यातलं झबलं त्यांनी हातात घेतलं, मग माझी ती चिंधी घेतली, मग पुन्हा झबलं. मग म्हणाल्या, "आगं बया. मग म्या त्याला काय काय बोलले गं. तोंडावर बोलले. बसून खातुयास म्हनले. आन् त्यो हसायचा." आणि मग त्या ज्या रडल्या, तशा तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा रडल्या नव्हत्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. तुमच्यासाठी, तुम्हाला ओळखून, कोणीतरी पहिल्यांदा रडत होतं.

आता हेही सांगते, म्हणजे तुम्ही म्हणाल की बघ, मी म्हणत होतो ते खरं झालं. झबल्यांची मिळकत गेली. ती तुमच्याबरोबरच गेली, माझ्या बोलण्यानं नाही. दूध निम्मं केलंय. बेबीला दिवसा सोनाबाईंची सून बघते. मी जादा पाळ्या मागितल्यात. होईल काहीतरी. पण जे हात एवढी वर्षं आम्हाला पोसत होते ते कोणाचे, हे तरी आता मला चोरून ठेवावं लागणार नाही. तुमचे उपकार मानायलासुद्धा मला दार लावून घ्यावं लागत होतं हो.

सोनाबाईंनी डोळे पुसले आणि झबलं उजेडात धरलं. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ह्ये आमच्या मालकाचं धोतार. त्यो जाऊन किती वरसं जाली. मेलेल्याचं धोतार नातीला चालतंया, तर ह्याचा टाका का चालू ने?" सोनाबाईंनी जो हात लागू नये म्हणत होत्या त्याच हातानं गाठोडं बांधलं आणि उठल्या.

दारात जाऊन थांबल्या. "नाव काय गं त्याचं?"

मी बघतच राहिले.

"आगं, समदी फिटर फिटरच म्हनत आलो. उद्या नदीवर बायास्नी सांगायचं हाय मला, की कुनी शिवली ही झबली. तर नाव नगं?"

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलेलं नाही. कारखान्यात फॉर्मवर लिहून दिलं, तेही कोणी बघत नाही ना हे बघून. बाहेर ओट्यावर नेहमीची माणसं बसली होती.

"दिनकर," मी म्हटलं.

"आं? मोठ्यानं सांग. ऐकू यीना."

मग मी मोठ्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना वळवून आत बघितलं.